भाचा वोल्फ्सबुर्गला असतो

चाकणचा माणूस युरोप बघायला जात नाही, भाच्याकडे जातो. वाटेत युरोप लागतो, त्याला तो तरी काय करणार!

हे सगळं सुरू झालं २००९ मध्ये. त्या साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज या दोन्ही जर्मन कंपन्यांचे कारखाने आमच्या निघोजे-कुरुळीच्या माळावर उभे राहिले. तोवर आमच्यातलं कुणी परदेशी जात असेल तर तो कांदा. मग पोरं जायला लागली. आधी तीन महिने ट्रेनिंगला, मग वर्षभर प्रोजेक्टवर, मग लग्न करून बायकोला घेऊन, आणि मग एक दिवस व्हिडिओ कॉलवर पोरामागे नवा सोफा दिसतो. सोफा दिसला की समजायचं, हे काही आता परत येत नाही. आणि हेही समजायचं की आपल्या झोपण्याची सोय झाली, कारण तो सोफा रात्री उघडून पलंग होतो. आमच्या नात्यातले असे सोफे जर्मनीत दोन ठिकाणी आहेत, हॉलंडात एका मित्राच्या लेकीकडे आहे. आम्ही नवराबायको त्या सोफ्यांच्या हिशोबानेच निघालो. निघालो तेही डिसेंबरात, कारण ऐन थंडीत विमानाची तिकिटं स्वस्त मिळाली आणि ती स्वस्त का, हे काढून झाल्यावर कळलं.

मी एका प्रेस पार्टच्या व्हेंडर कंपनीत जन्मभर स्टोअर सांभाळलं. हिच्या गळ्यात तुळशीची माळ, माझ्या गळ्यात आयकार्डाची दोरी, असा आमचा संसार झाला. आळंदी जवळ असल्यामुळे हिची एकादशी चुकली नाही आणि शिफ्ट होती म्हणून माझी एकही घडली नाही.

पहिलं भांडण व्हिसाच्या फॉर्मवर झालं. शेंगेन व्हिसा एकच, त्यावर २९ देश फिरा. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एवढंसं गाव, आणि १९८५ साली त्या नदीतल्या बोटीवर बसून पाच देशांनी या करारावर सह्या केल्या. आमच्याकडे एवढ्या मोठ्या कामाला निदान मंगल कार्यालय तरी घेतलं असतं. तर नियम असा, की ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. म्हणजे कुणाकडे किती रात्री, हे लेखी द्यायचं! आजवर जगातल्या कुठल्याही पाहुण्यानं हे लेखी दिलेलं नाही. आम्ही जर्मनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी हॉलंडहून मित्राचा फोन आला, "भाच्याला जास्त रात्री, आम्हाला उरलेल्या. बरोबर आहे, आम्ही काय सोयरे थोडेच!" जर्मनीतही शांतता नव्हतीच. वोल्फ्सबुर्गला हिच्या बहिणीचा मुलगा, तर श्टुटगार्टला माझ्या बहिणीची मुलगी. तिथल्या रात्री समसमान करता करता मला ऑडिटची आठवण झाली.

मग बॅगा. माणशी २३ किलो. बाजरीचं पीठ, काळा मसाला, लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, भाजके पोहे, आणि भाचेसुनेनं खास सांगितलेली कुरडई. कुरडईला वजन नाही पण जागा इतकी लागते, की बॅग हवेनंच भरली. निघायच्या आदल्या रात्री भाच्याचा मेसेज आला. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. हिनं साजूक तुपाची बरणी कापडात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवी साडीत घालून बसवली होती. ती काढली. "पेढेसुद्धा नाही? एवढे सत्तावीस देश एकत्र आले आणि त्यातल्या एकालाही तूप नको?" असं म्हणून ही बराच वेळ बरणीकडे बघत बसली. फ्रँकफर्टला कस्टमवाल्यानं आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं दुःख तिला अजून आहे. "तपासायचंच नव्हतं तर तूप आणलं असतं," असं ती सगळ्या युरोपभर म्हणत होती.

वोल्फ्सबुर्गला पोचेपर्यंत भाच्यानं फोनवर तीनदा बजावलं, "काका, स्टेशनच्या आधी दारापाशी येऊन थांबा." कारण या गावी थांबायचं विसरून वेगवान गाड्या तशाच पुढे निघून गेल्याच्या बातम्या तिथे एकदा नव्हे, अनेकदा छापून आल्यात. आमची गाडी थांबली. उतरलो तर समोर कालवा, कालव्यापलीकडे चार चिमण्या आणि नजर पोचेल तिथवर फोक्सवॅगनचा कारखाना. ही म्हणाली, "अहो, एवढं लांब येऊन एमआयडीसीतच उतरलो की!"

खोटं नव्हतं. फरक एवढाच, की तिथे १९३८ साली आधी कारखान्याचं ठरलं आणि मग कामगारांसाठी गाव वसवलं. आमचं गाव आधीपासूनचं. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यानं चाकणच्या भुईकोटात राहून शायिस्तेखानाची फौज जवळजवळ दोन महिने अडवून धरली होती. हल्ली ते काम तळेगाव चौक करतो, आणि त्याला फौजही लागत नाही.

थंडीचं काय सांगू! सकाळी आठ वाजून गेले तरी उजाडत नाही आणि दुपारी चारला दिवस मावळतो. जनरल शिफ्ट सुटायच्या आधी सूर्य पंच करून घरी. हिनं माकडटोपी, त्यावर मफलर, त्यावर भाचेसुनेची टोपी आणि साडीखाली माझी लोकरी पँट असा बंदोबस्त केला होता. रस्त्यात लोक वळून बघत. ही म्हणायची, "बघू द्या. त्यांना थंडी वाजत असंल."

भाच्यानं आम्हाला ऑटोश्टाट दाखवायला नेलं. नव्या गाड्या गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्यासाठी तिथे काचेचे दोन मनोरे बांधलेत, ४८ मीटर उंच, एकेकात ४०० गाड्या. कोणी गाडी न्यायला आलं की यंत्राचा हात वर जातो, नेमकी तीच गाडी उचलतो आणि खाली आणून ठेवतो. ड्रायव्हर नाही, आरडाओरडा नाही, "अरे, ती मागची काढ रे आधी" नाही. लोकांनी आल्प्स पाहून गहिवरावं, मी ते स्टोअर पाहून गहिवरलो. मान दुखेपर्यंत बघत राहिलो. ही तोवर बाकावर बसून जपमाळ पूर्ण करून मोकळी झाली.

पण खरा साक्षात्कार पुढेच होता. फोक्सवॅगन १९७३ पासून स्वतःच्या कारखान्यात सॉसेज बनवते. गंमत नाही, कंपनीची खाटीकशाळा आहे, आणि कित्येक वर्षं तिथे गाड्यांपेक्षा सॉसेज जास्त खपलीत. त्या सॉसेजला पार्ट नंबर आहे: १९९ ३९८ ५०० ए. वर 'अस्सल फोक्सवॅगन भाग' असं लिहिलेलं असतं. मी हजारो पार्ट नंबर बिन कार्डावर लिहिले, ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर. खाता येणारा पार्ट नोकरीत एकदाही इनवर्ड झाला नाही. भाच्यानं करी सॉस घातलेली प्लेट आणली. मी आधी नंबर टॅली केला, मग खाल्लं. ही तोंड फिरवून बसली होती. तरी तिनं विचारलंच, "यात बिनमांसाचा काही पार्ट नाही का?" २०२१ साली कंपनीनं एका कॅन्टीनमधून मांसाचं सॉसेज बंद करून शाकाहारी जेवण ठेवलं, तेव्हा देशाचे माजी चान्सलर श्र्योडर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती, आणि दोन वर्षांनी सॉसेज परत आलं. हे ऐकल्यावर ही म्हणाली, "कांदा-बटाट्यासाठी आपला कुठला माजी पंतप्रधान बोलला का कधी?"

श्टुटगार्टचं बिऱ्हाड वेगळं. भाची तिसऱ्या मजल्यावर राहते, जावई झिंडेलफिंगनच्या मर्सिडीजमध्ये. त्या मुलखात 'केरवोखं' नावाची जुनी पद्धत आहे. इमारतीचा जिना झाडायची प्रत्येक घराची आठवड्याची पाळी असते. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी लटकते. आठवडा झाला की आपण झाडून-पुसून पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. भाचीनं हे सगळं सांगितलं होतं, पण हिला पहाटे पाचला जाग येते आणि जाग आल्यावर झाडू हातात आला नाही तर हिचा दिवस सुरू होत नाही. बाहेर अंगण नाही, सडा टाकावा तर त्याचा बर्फ होणार. मग हिनं तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत अख्खा जिना झाडून काढला, आणि तळाशी रांगोळीचं एक सुबक कमळ.

साडेआठला बेल वाजली. पहिल्या मजल्यावरच्या आजीबाई. पाटी त्यांच्या दाराला होती. त्यांच्या आठवड्यात दुसऱ्यानं झाडलं म्हणजे काय? त्या झाडत नाहीत असं म्हणायचंय का? भाची जर्मनमध्ये माफी मागत होती, जावई बाथरूममधून बाहेर यायला तयार नव्हता. हिला भाषा कळली नाही पण प्रकार कळला. चाळीत अशीच भांडणं होतात. ती आत गेली, ताटलीभर चिवडा आणि दोन लाडू घेऊन आली आणि आजीबाईंच्या हातात देऊन म्हणाली, "घ्या मावशी."

आजीबाई गप्प झाल्या. संध्याकाळी ताटली परत आली, तीत नाताळची बिस्किटं. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं हे त्यांनाही ठाऊक होतं, किंवा त्यांचा तो दिवस फराळ वाटायचाच होता. पण आता ताटली आमच्याकडे आली, म्हणजे तीही रिकामी कशी द्यायची? हिनं चकल्या घातल्या. तिकडून जॅम आला. इकडून धपाटे गेले. तिकडून केक आला, त्यात अंडं असेल म्हणून तो मी एकट्यानं संपवला. २४ डिसेंबरला दुपारी दोनला तिथली दुकानं शटर ओढतात, पुढे दोन दिवस सुट्टी. अख्खं शहर बंद, बाहेर चिटपाखरू नाही, आणि जिन्यात मात्र ताटलीची शटल सर्व्हिस चालू. रांगोळीवरून सगळी इमारत पाय वाचवून चालत होती. ती पुसायची पाळी कुणाची, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

सुट्टीनंतर जावयानं मर्सिडीजच्या म्युझियमला नेलं. १८८६ साली कार्ल बेन्झनं तीन चाकी मोटारीचं पेटंट घेतलं, तशी मोटार तिथे पहिल्याच दालनात. पण पेटंट घेऊन झालं तरी दोन वर्षं मोटारीला कुणी विचारत नव्हतं. मग १८८८ च्या ऑगस्टात एका पहाटे त्यांची बायको बेर्था दोन्ही मोठ्या पोरांना घेऊन, नवऱ्याला न विचारता, मोटार काढून निघाली. कुठे? मानहाइमहून फोर्त्सहाइमला. माहेरी! आई तिथे होती. शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधन संपलं तर वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली तर हॅटच्या पिनेनं साफ केली, वायरचं कव्हर गेलं तर मोज्याचा पट्टा गुंडाळला, ब्रेक झिजले तर मोच्याकडून चामडं ठोकून घेतलं. पोचल्यावर नवऱ्याला तार. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास तो हा, आणि त्याच्यावर मोटारधंदा उभा राहिला.

मी मनात हिशोब करत होतो, की स्पेअर पार्ट नाही, गेट पास नाही, ब्रेकडाऊन मेंटेनन्स सगळा ऑन द स्पॉट. ही गाडीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बघा. नवऱ्यानं बनवली आणि शेडमधी ठेवली. बाईला माहेरला जायचं होतं म्हणून ती चालली तरी." मग जरा थांबून, "माझं माहेर शिक्रापूरला. तुम्ही कितींदा सोडलं?" शेजारी एक जपानी कुटुंब फोटो काढत होतं. त्यांच्या फोटोत मी कुठेतरी खाली बघताना सापडेन.

हॉलंडला मित्र स्टेशनवर घ्यायला आला तो बाबागाडी ढकलतच. तो आमच्याच कंपनीतला, क्वालिटीचा. तीस वर्षं मी माल आत घेतला आणि यानं तो नाकारला. त्याची लेक फेल्डहोफेनला, चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत. हे दोघं नवराबायको नातवंडाच्या शिफ्टला. पाहुण्याला १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं, त्यामुळे तीन महिने लेकीचे आईबाप, मग तीन महिने जावयाचे. रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा नियम त्याला पाठच होता.

त्यानं आम्हाला पवनचक्की दाखवली नाही, कालवे दाखवले नाहीत. सुपरमार्केटात नेऊन थेट कांद्यापुढे उभं केलं. हॉलंड हा जगातल्या मोठ्या कांदा निर्यातदारांपैकी एक. २०२३ च्या डिसेंबरात आपल्याकडे निर्यातबंदी आली, ती पुढच्या मे महिन्यात उठली. तेवढ्या काळात आपली गिऱ्हाइकं कुणी नेली असतील, यावर आम्ही दोघं जाळीतली पिशवी हातात धरून बराच वेळ बोललो. दुकानातला पोरगा दोनदा येऊन गेला. शेवटी मित्रानं दोन कांदे माझ्या बॅगेत टाकले. "कुरुळीला माझ्या भावाला दाखव. म्हणावं, हा बघ तुझा शत्रू."

हिनं ते रात्री बॅगेतून काढले. "तूप इकडं चालत नाही, मग कांदा तिकडं चालंल होय?" आणि शत्रू चिरायला घेतला. बाहेर दोन डिग्री, आत खेकडा भजी, धुराचा अलार्म वाजू नये म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघड्या. आम्ही कोट, टोपी, मफलर घालून स्वयंपाकघरात उभं राहून भजी खात होतो. मित्रानं पहिलं भजं मोडून उजेडात धरलं. "पाणी जास्त. तिखटपणा कमी. पापुद्रा जाड. रिजेक्ट."

"रिजेक्ट म्हणतोस आणि तिसरं खातोस?"

"सँपल साइज मोठी लागते."

हिनं विचारलं, "आपल्याकडं भाव काय चाललाय?" तेव्हा रात्रीचे साडेअकरा. चाकणला पहाटेचे चार. मित्रानं भावाला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे हॉर्न, रिव्हर्स घेणाऱ्या कंटेनरचा पी-पी आवाज, कुणीतरी कुणालातरी मागे घे म्हणतंय. भाऊ कांद्याचा टेम्पो घेऊन मार्केटला निघाला होता.

"बाजारभाव काय निघाला रे?"

"बाजार निघू दे, सांगतो," भाऊ म्हणाला. "आधी तळेगाव चौक निघू दे."