फिरायला जाणारे

रोज फिरायला जाण्याचा निश्चय सहसा रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात पडल्यावर होतो. जुनी पँट कमरेला बसेनाशी झाली म्हणूनही तो होऊ शकतो, पण पँट सैल करून देणारे टेलर अजून शिल्लक असल्याने हे कारण फारसे टिकत नाही. निश्चयानंतरची पहिली पायरी म्हणजे बूट. ते महागच घ्यावेत असा संकेत आहे. पडून राहिले की घरच्यांना बोलायला विषय मिळतो.

किती चालावे, याचे उत्तर बहुतेकांकडे तयार असते : १०,००० पावले. हा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून निघालेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, जपानी बाजारात ‘मानपो-केई’ नावाचे पावले मोजणारे यंत्र आले. दहा हजार हा आकडा त्या नावातच होता आणि तिथून तो जगभरच्या मनगटांवर जाऊन बसला. एवढी पावले म्हणजे सुमारे सात किलोमीटर. वयस्क अमेरिकन स्त्रियांच्या २०१९ मधील एका अभ्यासात साडेसात हजारांच्या पुढे चालून आयुष्याच्या हिशेबात जास्तीची भर पडताना दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटना तर पावलांच्या भानगडीतच पडत नाही. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम करावा, एवढेच तिचे म्हणणे. मध्यम जोर म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. तरीही रात्री साडेदहाला ९,६०० वर अडकलेला गृहस्थ सोफ्याभोवती प्रदक्षिणा घालताना आढळतोच. त्याच्याहून हुशार असलेले बसल्या जागी फोन हलवतात.

शतपावली या बाबतीत जास्त समजूतदार. जेवणानंतर चालले की पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे ती एकदम चढत नाही. बरे चालणारा माणूस मिनिटाला शंभर पावले टाकतो. म्हणजे हिशेबाने शतपावली एका मिनिटात आटोपते. प्रत्यक्षात ती शेजारी काय सांगतात त्यावर अवलंबून असते.

सकाळच्या फिरण्याचा अभ्यास करायला पुण्यासारखे गाव नाही. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी. प्रत्येक टेकडीचे आपापले निष्ठावंत. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणारे सहसा घोळक्याने चढतात. त्यात एकाला ऑक्टोबरातही माकडटोपी लागते आणि एकाला सगळे आधीपासून माहीत असते. मराठी माणसाला मुद्दा पटवून द्यायचा असला की तो जागीच थांबतो. मग समोरच्याला थांबावे लागते आणि हळूहळू सगळा घोळकाच थबकतो. निवडणुकीच्या दिवसांत चढाईला लागणारा वेळ त्यामुळे दुप्पट होतो. पण हेच घोळके वर्षानुवर्षे टिकतात. कोपऱ्यावर कोणी वाट पाहत उभे असेल, तर अंथरुणात पडून राहणे शिष्टाचाराला धरून होत नाही. बूट किंवा घड्याळ यांना अशी भीड घालता येत नाही.

फिरणे संपले की पोहे किंवा वडापाव. अर्धा तास झपझप चालून दीडशेच्या आसपास किलोकॅलरी खर्च होतात आणि एक वडापाव त्याच्या जवळपास दुप्पट परत देतो. वजनाचा काटा हलत नाही याचे कारण बहुधा इथेच असते, पण दोष गुडघ्यांना दिला जातो. सुदैवाने वजन तसेच राहिले तरी नियमित चालण्याने रक्तदाब आणि साखर यांत सुधारणा होऊ शकते.

सवय लागायला २१ दिवस लागतात ही समजूत मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकावरून पसरली. लंडनमधील एका विद्यापीठाच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८ पुरले, कोणाला २५४ लागतील असा अंदाज होता. एखादा खाडा पडल्याने विशेष बिघडत नाही, असेही त्यात दिसले. इकडे मात्र बुधवारी खाडा पडला की गुरुवारी जाता येत नाही, पुढच्या सोमवारपासूनच सुरू करावे लागते.

सर्वांत मोठा खाडा पावसाळ्याचा. टेकडीवर चिखल, रस्त्यावर डबकी. अशा वेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतात. पहिल्या आठवड्यात वॉचमन दर फेरीला उठून उभा राहतो. त्याने उठणे बंद केले की सवय लागली असे समजायला हरकत नाही.