डिस्कसवाले

चपटा, गोल, थाळीसारखा मासा दिसला की त्याची जागा तव्यावर, याबद्दल सातपाटीपासून डहाणूपर्यंत मतभेद नाहीत. २०२३ साली पापलेट राज्यमासा झालं, म्हणून तवा काही थंड झाला नाही. अशा मुलखात तसाच थाळीच्या आकाराचा डिस्कस नावाचा मासा काचेच्या टाकीत ठेवून त्याच्यासाठी पाणी तीस अंशांवर राखणारा माणूस म्हणजे बोईसरचा डिस्कसवाला. तो बहुधा तारापूर एमआयडीसीत शिफ्टला असतो, त्यामुळे पीएच आणि टीडीएस हे शब्द त्याच्या तोंडी मीठ-साखरेसारखे रुळलेले. घरच्यांना नळाचं पाणी चालतं, जोडीला मात्र आरओचंच लागतं. जोडी म्हणजे नवराबायको नव्हेत, हे पाहुण्यांना जरा उशिरा कळतं. जोडी केवढ्याला पडली, याचं उत्तर पाहुण्याने विचारलं तर खरं मिळतं. बायकोने विचारलं तर ती 'मित्राने दिलेली' असते.

या माणसाचा खरा कस लागतो तो अंडी फुटल्यावर. पापलेट समुद्रात अंडी सोडतं आणि मागे वळून बघत नाही. डिस्कसचं उलटं. मातीच्या उभ्या शंकूवर अंडी घातली की आई-बाप दोघंही पंखांनी वारा घालत बसतात. साधारण अडीच दिवसांनी अंडी फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं पोहू लागतात आणि आई-बापांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव टोचून खातात. तेच त्यांचं दूध. पण जेमतेम पाच मिलिमीटरच्या त्या जिवाला आई कुठली आणि बाप कुठला हे ओळखू येत नाही. ते गडद दिसणाऱ्या मोठ्या वस्तूकडे धावतं. टाकीत गडद काय काय असतं? हीटर, स्पंज फिल्टर, नळी. म्हणजे डिस्कसवाल्याने हौसेनं आणलेली प्रत्येक वस्तू पिल्लांची सावत्र आई होऊ शकते. पिल्लू हीटरला बिलगलं तर ऊब मिळेल, दूध नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की पिल्लं आई-बापांना चिकटवण्याची विद्या ही वजाबाकीची विद्या आहे. फिल्टर काढा, हवेचे बुडबुडे मंद करा, पाणी अर्ध्यावर आणा म्हणजे पिल्लांना अंतर कमी पडेल, रात्री एक मिणमिणता दिवा ठेवा, आणि हात खिशात घाला.

यावर कुणी म्हणेल, ॲमेझॉनच्या नद्यांत कुठला डिस्कसवाला मदतीला बसलेला असतो? नसतो, हे खरं. पण तिथे हीटरही नसतो. शिवाय पिल्लं झाल्यावर रानटी डिस्कसचं अंग गडद होतं, तीच पिल्लांना खूण. १९९० च्या दशकात थायलंडमधून जगभर गेलेली पिजन ब्लड जात माणसाने इतकी उजळ करून ठेवली, की तिला काळवंडणं धड जमत नाही आणि पिल्लं गोंधळतात. गोऱ्या रंगाचं वेड लग्नाच्या जाहिरातींतून टाकीत उतरलं, त्याचा भुर्दंड पिल्लांना. तेव्हा डिस्कसवाला करतो ते उपकार नव्हेत, भरपाई आहे. दुसरा आक्षेप असा, की आई-बाप हवेतच कशाला? अमेरिकेतले जॅक वॉटले यांनी भांड्याच्या कडेला अंड्याच्या बलकाचा लेप लावून पिल्लं वाढवली होती. वाढतात, पण दिवसातून अनेकदा पाणी बदलायला ज्याला नोकरी नाही असा माणूस लागतो. आणि प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं, की पिल्लांच्या काळात त्या स्रावात प्रथिनं आणि प्रतिद्रव्यं वाढतात. ती बलकात कुठून आणणार?

वजाबाकी सोपी वाटते, पण कंपनीने या माणसाला वीस वर्षं नेमकं उलटं शिकवलेलं असतं: काटा हलला की व्हॉल्व्ह फिरव. रात्री दोनला तो मोबाइलची बॅटरी मारून पिल्लं मोजतो. आकडा एकशेदहा, मग नव्वद, मग पुन्हा एकशेदहा. तेवढ्यात भेदरलेला बाप त्यातली दहा गिळून हिशोब पक्का करतो. टाकीतलं काळं सगळं काढून झालं तरी काचेला नाक लावलेलं एक मोठं काळं धूड उरतंच, आणि ते वजा करण्याचं त्याच्या मनात येत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून आई-बाप स्वतःच पिल्लांपासून दूर पोहू लागतात, तेव्हाही 'अंग चोरतायत' म्हणून कळवळतो तो हाच.

तेव्हा या सगळ्या पुराव्यावरून निष्कर्ष एकच निघतो. पिल्लं पोहू लागण्याच्या आठवड्यात डिस्कसवाल्याला नाइट शिफ्ट लागावी, जमल्यास ओव्हरटाइमसकट. टाकीवर जुनी चादर टाकायला घरात वहिनी आहेतच.