चौसष्ट जीबीचा दासबोध

आंबेनळी घाटाखाली राहणाऱ्या माणसाने कागदावर फार जीव लावू नये. जून लागला की पोलादपूर ते महाबळेश्वर या चाळीसेक किलोमीटरांत जे जे म्हणून कोरडं असतं ते आधी दमट होतं, मग ओलं होतं आणि गौरी-गणपती येईपर्यंत त्याला बुरशीची लव फुटते. पापडांना फुटते, चपलांना फुटते, सातबाऱ्यालाही फुटते. आमच्या कपाटात एका पावसाळ्यात दिवाळी अंक आणि दाते पंचांग एकमेकांना असे चिकटले की दोहोंचा मिळून एकच ग्रंथ झाला. सिंह राशीच्या भविष्यानंतर थेट कथा सुरू व्हायची. वाचताना फरक फारसा जाणवला नाही, हे कथाकाराचं यश की ज्योतिषाचं, ते अजून ठरलेलं नाही.

मग नेटवर वाचा, असं शहरातले लोक सांगतात. सांगायला काय जातं? रेंज आम्हाला घाटातल्या एकाच वळणावर मिळते आणि पावसाळ्यात नेमकी त्याच वळणावर दरड असते.

त्यामुळे मेमरी कार्ड जेव्हा चाकरमान्यांच्या खिशातून वाडीत उतरलं, तेव्हा ते खास आमच्यासाठीच बनवलंय असं सगळ्यांना वाटलं. पंधरा मिलिमीटर लांब, अकरा रुंद, एक मिलिमीटर जाड. त्याला वाळवी लागत नाही, कसर लागत नाही, बुरशी येत नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी तर एक कार्ड जावयाच्या शर्टासकट धुऊन, पिळून, वाळत घातलं आणि ते नंतर मुकाट चाललं. जावई तेवढा चालला नाही. तो महिनाभर रुसून होता.

कार्ड नुसतं विकत घ्यायचं नसतं, ते ‘भरून’ घ्यायचं असतं. महाडला मोबाईलच्या दुकानात काचेवर यादी चिकटवलेली असते: मराठी, हिंदी, भक्ती, डीजे, शक्ती-तुरा, जुनी, फार जुनी. आपण म्हणायचं, भक्ती टाका. दुकानदार म्हणतो, ‘दादा, थोडं थोडं सगळंच टाकतो.’ मग तो माउस एकदा असा ओढतो की त्याच्या कॉम्प्युटरमधलं सगळं आपल्या कार्डात येतं. आत फोल्डर असतात ते ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर 2’ आणि ‘देव फायनल’ या नावांचे.

आमच्या आबांना असंच एक कार्ड मिळालं. आबा माझे चुलते. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला, त्यामुळे छापील कागदावर त्यांचा विश्वास आणि सुट्या पैशांवर अविश्वास. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पोथीची अक्षरं बारीक वाटू लागली म्हणून लालबागच्या नातवाने त्यांना टॅब पाठवला. दोन बोटं पडद्यावर ठेवून फाकवली की अक्षर पेरूएवढं होतं, हे पाहून आबा इतके हरखले की पहिले काही दिवस ते पोथी वाचण्याऐवजी नुसतीच फाकवत बसले. टॅबमधली जागा नातवाने पाठवलेल्या व्हिडिओंनी आधीच भरलेली. मग महाडहून चौसष्ट जीबीचं कार्ड आलं. किंमत इतकी कमी की आबांनी घासाघीससुद्धा केली नाही. संशय तिथेच यायला हवा होता.

श्रावणात आबांचं दासबोधाचं पारायण असतं. दशक वीस, रोज दोन, दहाव्या दिवशी समाप्ती आणि शिरा. समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला तो आमच्याच महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत, अशी परंपरा आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 साली ती घळ शोधून काढली. पावसाळ्यात घळीच्या तोंडावर धबधबा कोसळत असतो, तुषार आतपर्यंत येतात. अशा ठिकाणी बसून दोनशे समास कागदावर उतरवायचे म्हणजे गुरूपेक्षा शिष्याची परीक्षा जास्त, असं माझं आपलं मत आहे.

तर पारायणाचा पहिला दिवस. वाचनाआधी मनाचे श्लोक ऐकायचे, म्हणून आबांनी ‘देव फायनल’ उघडून ‘मनाचे श्लोक’वर बोट ठेवलं, डोळे मिटले, हात जोडले. आतून ढोलकी कडाडली. आबांना आधी वाटलं, नवी चाल असेल. पण मग तुरेवाल्या शाहिराने शक्तीवाल्याच्या सासुरवाडीची चौकशी सुरू केली आणि सवालाच्या दुसऱ्या ओळीला काकू, म्हणजे आबांच्या पत्नी, पदराला हात पुसत बाहेर आल्या.

‘अहो, समर्थांनी हे कधी लिहिलं?’

आबांनी आवाज बारीक केला. बंद मात्र केला नाही, हे मी पाहिलं. जवाब ऐकायचा राहिला असता.

दासबोधाची फाईल तशी नीट उघडली. जुन्या छापील प्रतीचे फोटो काढून केलेली पीडीएफ होती. नऊ दिवस, अठरा दशकं सुरळीत गेली. दहाव्या दिवशी सकाळी आबांनी एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास काढला, तर पानाच्या वरच्या चार ओळी दिसल्या आणि त्याखाली सगळं राखाडी. पुढचं पान अख्खं राखाडी. त्यापुढचंही. काकूंनी शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला होता, त्या विचारायला आल्या, ‘थांबू का ढवळू?’

आमच्या वाडीत डॉक्टर नाही, पण कार्डाचे वैद्य घरटी एक आहेत. एकाने कार्डाच्या पिवळ्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. दुसऱ्याने त्यावर फुंकर मारली. तिसऱ्याने तांदळाच्या डब्यात रात्रभर पुरून ठेवा म्हणून सांगितलं. काकूंनी तांदूळ द्यायला साफ नकार दिला. त्यांना कार्डापेक्षा भाताची काळजी. चौथ्याने ते स्वतःच्या मोबाईलमध्ये घातलं, तर त्याचा मोबाईल म्हणाला, कार्ड खराब आहे, फॉरमॅट करायचं का?

‘करा की,’ चौथा म्हणाला, ‘फॉरमॅट म्हणजे सर्व्हिसिंग.’

आबांनी त्याच्या हातून कार्ड काढून घेतलं. ‘पोथीला कसर लागते, उंदीर कुरतडतो, सगळं कबूल. पण आजवर एका तरी पोथीने मला विचारलंय का, की सगळं पुसून कोरी होऊ म्हणून?’

नारळी पौर्णिमेला लालबागचा नातू आला तेव्हा उलगडा झाला. कार्डातल्या मेमरीची ही जात मूळची जपानची. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी 1984 साली ती जगापुढे मांडली. वीज गेली तरी लिहिलेलं टिकून राहतं, ही तिची करामत. प्रत्येक अक्षर म्हणजे इवल्याशा कप्प्यात कोंडलेली थोडी वीज. पुन्हापुन्हा लिहून-पुसून कप्प्याच्या भिंती झिजतात आणि कोंडलेलं हळूहळू पाझरतं. उकाड्यात जास्त पाझरतं. हे झालं अस्सल कार्डाचं. आबांच्या कार्डाचं दुखणं निराळंच होतं.

‘आबा, कार्डावर छापलंय चौसष्ट. आत आहेत आठ.’

‘मग टॅब चौसष्ट का दाखवतो?’

‘कारण कार्डच त्याला तसं सांगतं. आतल्या छोट्या चिपला खोटं बोलायला शिकवून ठेवतात.’

एसटीत अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला बारा वर्षांचा म्हणून अर्धं तिकीट मागणारे आबांनी पाहिले होते, त्यामुळे त्यांना हे पटकन पटलं. फाईलींच्या नावांची यादी कार्डाच्या अगदी सुरुवातीला असते, ती शाबूत राहते. म्हणून नावं सगळी दिसतात, प्रत्येकापुढे आकारही दिसतो. पण आठ जीबी भरल्यावर या कार्डाने पुढचा माल फेकून न देता, तेवढी यादी सोडून, आधीच्या मालावर चढवला होता. मनाचे श्लोक आधी भरले होते, शक्ती-तुरा शेवटी. नाव समर्थांचं राहिलं, जागेवर शाहीर येऊन बसला. गाण्याच्या फाईलचे तुकडे असे सुटे असतात की प्लेअर मिळेल तो तुकडा उचलून वाजवत सुटतो. नावाशी त्याला देणंघेणं नसतं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकावर कुठलं गाणं बसलं होतं ते कळलं नाही. पीडीएफला गाता येत नाही, ती राखाडी पडते.

नातवाने मग लॅपटॉप लावून पुसलेल्या फाईली वर काढायचा प्रयोग केला. पुसणं म्हणजे बहुतेक वेळा यादीतलं नाव खोडणं असतं. माल खाली तसाच पडून राहतो. वर आलं काय? कुठल्या तरी अनोळखी घरातल्या हळदीचे फोटो. म्हणजे चौसष्टचं कार्ड आठचं निघालं ते निघालंच, वर ते नवंही नव्हतं. नवरी कुठल्या गावची यावर काकू आणि शेजारच्या काकू बराच वेळ बोलत होत्या. मांडव माणगावकडचा वाटतो, असं ठरलं.

समाप्ती मात्र अडली नव्हती. दहाव्या दिवशीच आबांनी माळ्यावरच्या पेटीतून लाल फडक्यातली जुनी पोथी काढली होती, आणि काकूंचा रवा करपण्याआधी मला वाचायला बसवलं होतं. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास कशावर आहे ठाऊक आहे? लेखनक्रियेवर. कागद कसा घ्यावा, शाई कशी करावी, बोरू कसा तासावा, अक्षर असं काढावं की तरुणपणी लिहिलेलं म्हातारपणीही वाचता यावं. टॅबने साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या सूचनांवरच पडदा टाकला होता. त्यातच समर्थ सांगतात, पानाच्या चहूबाजूंनी जागा मोकळी सोडावी, म्हणजे पुढे कागद झडला तर कडा झडतील, अक्षराला धक्का लागणार नाही.

मी पोथी उजेडात धरली. कसरीने चारी बाजूंनी बोटभर कागद खाल्ला होता, एका कोपऱ्यात उंदराच्या दातांची नक्षी होती, हात लावला की भुगा पडत होता. ओवी एकही गेली नव्हती. समासच तसा वाचला.

नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, चांगल्या कार्डातही असंच करतात. थोडे कप्पे राखीव ठेवतात, झिजलेल्या कप्प्यातलं त्यात हलवतात. ‘मग ह्यात का नाही केलं?’ आबांनी विचारलं. आता ज्याने आठाचे चौसष्ट केले तो समास सोडतो होय?

खरं तर फाईल अर्धवट राहण्याचा आमच्याकडचा इतिहास जुना आहे. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी शिवाजी महाराजांचं चरित्र संस्कृतात लिहिलं, शिवभारत. हाती आलेल्या प्रतीत एकतीस अध्याय पुरे आणि बत्तिसाव्याचे नऊ श्लोक. पुढे पान राखाडी. बरं, हा ग्रंथ आमच्या दमट मुलखात सापडला नाहीच, स. म. दिवेकरांना तो मिळाला तंजावरच्या सरस्वती महालात, आणि 1927 साली त्यांनी तो पुण्यातून मराठी भाषांतरासह छापला. कवी पोलादपुरात आणि प्रत तंजावरात. तिकडे ती गेली म्हणून एकतीस अध्याय तरी वाचले. इकडेच राहिली असती तर एखाद्या पंचांगाला चिकटून बसली असती. आबांना ही युक्ती फार आवडली. त्यांनी नातवाला दासबोधाच्या तीन प्रती करायला सांगितल्या: एक टॅबमध्ये, एक लालबागला, एक वाईला लेकीकडे. ‘तंजावरला आपलं कोणी आहे का?’ असंही विचारून झालं.

पण तीन प्रतींना तीन कार्डं लागतात. आबा मला घेऊन महाडच्या त्याच दुकानात गेले. दुकानदाराने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, ‘आजोबा, गॅरंटी कार्डाची असते, आतल्या देवाची नसते.’ पण माणूस शब्दाचा पक्का. वाद न घालता त्याने जुनं ठेवून घेतलं आणि ड्रॉवरमधून त्याच किमतीत नवं काढून दिलं.

आबांनी चष्मा वर करून छापलेला आकडा वाचला. पाचशे बारा जीबी.

‘वा,’ आबा मला म्हणाले, ‘ह्यात ज्ञानेश्वरीपण बसेल.’ आणि दुकानदाराला म्हणाले, ‘तो शक्ती-तुऱ्याचा जवाब राहिला बघ त्या दिवशी अर्धा. तेवढा आधी टाक.’