हरकतीची सोय

गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात 2024 साली 39अ कलम आले, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पूर्वी अख्ख्या राज्याचा प्रादेशिक आराखडा करायचा म्हणजे वर्षानुवर्षे नकाशे, सभा, भांडणे. आता भूखंडाचा मालक अर्ज करतो आणि भातशेतीला निवासी विभागात बढती मिळू शकते. गावाला हरकतीसाठी चांगले 30 दिवस! ऐन लावणीत आले तरी काय बिघडले? सर्व्हे नंबर राजपत्रात असतोच.

ही सोय जरा वाढवावी. खाजनातल्या, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या शेतातल्या बगळ्यांना, तिथल्या मानशीतल्या (पाण्याच्या झडपेतल्या) खेकड्यांनाही मुदत द्यावी. लेखी न कळवल्यास संमती गृहीत. डोंगराची हरकत आल्यास सुनावणीपर्यंत त्याने जागेवर हजर राहावे, एवढीच अट.

ग्रामसभेत सर्वांत कळकळीने बोलतात ते बिल्डरच्या वसाहतीच्या पहिल्या टप्प्यातले बंगलेवाले. त्यांचा विरोध दुसऱ्या टप्प्याला आहे, आणि तो रास्तच म्हणायला हवा. खिडकीतून शेत दिसण्याचे पैसे त्यांनी बिल्डरला मोजले आहेत. शेत कसणाऱ्याकडे तशी पावती नाही. त्याची हरकत बाद.