अगं माय, जोडीनं तमाशाला?

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर आधी दार लोटून घ्या. लातुरातली, चांगल्या घरातली, दोघंही पगारदार, पोरगं बारावीला, अशी नवरा-बायकोची जोडी येळवशीचं सगळं आवरून गाडी काढून माळेगावच्या यात्रेला गेली. यात्रेला जायला आमची ना नाही. खंडोबा म्हाळसा-बाणाई दोघींना सांभाळून असलेला देव, त्याच्यापुढे जोडीनंच जावं. तळी भरावी, भंडारा उधळावा, दिवस मावळायच्या आत घरी यावं. पण ही दोघं राहिली. रात्री राहिली! आणि माळेगावात माणूस रात्री कशाला राहतो, हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तमाशाला गेली हो! तेही शेजारी शेजारी बसून!

पोरगं बिचारं ट्यूशन एरियात नीटचे पेपर सोडवतंय. अख्खा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणत आपल्याकडे लेकरं पाठवतो, आणि इथले आई-बाप तिकीट काढून ढोलकी ऐकताहेत.

हे एकच जोडपं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. पण भिशीत विषय काढला तेव्हा निम्म्या जणींनी पदर तोंडाला लावायच्या ऐवजी विचारलं, “बसायला नीट जागा कुठं मिळते गं?” म्हणजे साथ पसरली आहे.

याला थोडं पंचांगही जबाबदार आहे. माळेगाव यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते आणि दुसऱ्याच दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. येळवशीला लातूर ओस पडतं. गंजगोलाईत कुत्रं आडवं झोपलं तरी कुणी हटकत नाही. सगळे रानात. कडब्याच्या कोपीत पांडव पुजायचे, भज्जी, आंबील, उंडे, खीर असं पोट फुटेस्तोवर जेवायचं आणि झाडाखाली लवंडायचं. स्थानिक सुट्टीही असते. 2025 मध्ये तर ही अमावस्या 19 डिसेंबरला, नेमकी शुक्रवारी आली. पुढे शनिवार, रविवार. आंबील पिऊन सुस्तावलेल्या माणसाला एवढी जोडून सुट्टी मिळाली की त्याचं डोकं सरळ चालत नाही. त्यात रस्ता सुधारला. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर करत 361 क्रमांकाच्या महामार्गानं माळेगाव कधी येतं कळत नाही. पुढे लोहा आणि मग नांदेड. पूर्वी याच रस्त्यावर मणके मोजत जावं लागायचं. तेव्हा बायका आपणहून म्हणायच्या, तुम्हीच जा बाई. खड्ड्यांनी किती घरांची अब्रू राखली होती, ते आता कळतंय.

कारण पूर्वीची रीत काय होती? पुरुषमाणूस माळेगावला ‘बैल बघायला’ जायचा. कारण कसं पक्कं होतं बघा. तिथला जनावरांचा बाजार खरोखरच नावाजलेला आहे. आपले लाल कंधारी, आपले देवणी, वर घोडे, उंट, आणि गाढवांचा बाजार तर बघायलाच लांबून माणसं येतात. एवढी जनावरं बघायला दोन-तीन रात्री लागणारच की! आमच्या मामंजींनी हयातभर माळेगावात बैल बघितले. घेतला एकही नाही. दरसाल सांगायचे, दातात बसला नाही. सासूबाई मान हलवायच्या, त्यांचा गुलाल लागलेला फेटा निमूट धुवायच्या आणि दावणीला बैल का वाढत नाही, हे चुकूनही विचारायच्या नाहीत. दोन्हीकडून अशी सभ्यता होती.

आता काय झालं? बायको म्हणते, चला, मलाही बैल दाखवा.

तिथून आलेली बातमी अशी. गण झाला, गौळण झाली, मावशी आली. गवळणींना मथुरेच्या बाजाराला घेऊन निघालेली ती मावशी म्हणजे मिशा काढलेला पुरुष, आणि तिचं बोलणं दोन्ही बाजूंनी कापणारं. त्यावर ही बाई नवऱ्याच्या आधी हसली म्हणे! नवऱ्याला विनोद कळला होता; पण कळला असं दाखवावं की न दाखवावं, हे ठरेपर्यंत पुढची बतावणी सुरू झाली. रंगबाजीच्या लावण्या लागल्या तेव्हा तर त्याचे हाल कुत्रं खाईना. शिट्टीसाठी दोन बोटं तोंडापर्यंत गेली आणि खोकल्याचं सोंग करून खाली आली. शिट्टी अखेर तिनं मारली म्हणतात. मी ‘म्हणतात’ म्हणाले. माझ्या नावावर खपवू नका.

बरं, तक्रार करावी तर कुणाकडे? तमाशाचे फड आपापल्या कनातीत तिकिटावर चालतात, ते सोडा. पण यात्रेत लावणी महोत्सव भरवते कोण? नांदेड जिल्हा परिषद! कृषी प्रदर्शन, पशुप्रदर्शन, कुस्त्यांची दंगल आणि त्याच पत्रिकेत लावणी. सरकारच ढोलकी वाजवत असेल तर आम्ही नाक कुठं मुरडायचं?

एके काळी सरकारचं नाक जागेवर होतं. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली होती. मग कलावंतांनी अर्ज-विनंत्या केल्या आणि अटी घालून ती उठली. आपण तेव्हा निजामाच्या हैदराबादेत, त्यामुळे आपल्याला तेवढीही शिस्त लागली नाही. 1972 मध्ये शांतारामबापूंनी ‘पिंजरा’ काढून भल्या मास्तराचं काय होतं ते साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं, तर लोकांनी धडा सोडला आणि गाणी पाठ केली. 2010 ला ‘नटरंग’ आला आणि गॅदरिंगमध्ये डॉक्टर-वकिलांच्या लेकी नऊवारी नेसून नाचायला लागल्या. पहिल्या रांगेत आया व्हिडिओ काढताहेत. शहरांत नाट्यगृहांतून खास बायकांसाठी लावणीचे खेळ लागले, तिथं बायकांनी खुर्च्यांवर उभं राहून शिट्ट्या मारल्या. मग गौतमी पाटीलची लाट आली आणि गावोगावी पोलीस बंदोबस्त लागला. ती लावणी की डीजेवरचा नाच, यावर भांडणारे भांडोत. माझं मत विचाराल तर ढोलकी समोर प्रत्यक्ष वाजत नसेल तर मला ते चालत नाही. म्हणजे, चाललं नसतं, मी बघितलं असतं तर.

आता आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं बघा. त्यांचा भाचा टेक्सासात असतो. तो आणि त्याची बायको शनिवार-रविवार गाडी हाणत तिकडच्या कंट्री संगीताच्या जत्रेला गेली. डोक्यावर ही मोठी टोपी, पायात गुडघ्यापर्यंत बूट, मागे गायी-गुरांचे कळप आणि स्टेजवर कुणीतरी घर सोडून गेलेल्या बाईचं गाऱ्हाणं गातोय. काकूंनी तो फोटो लग्नाच्या अल्बमसारखा घरोघर फिरवला. अमेरिकेत नॅशव्हिलला ‘ग्रँड ओल ऑप्री’ नावाचा असला कार्यक्रम 1925 पासून चालू आहे, ही माहितीही दिली. “आपल्या मातीतलं गाणं किती जपतात बघा ती माणसं!” असं म्हणाल्या. त्यांच्याच सुनेनं यात्रेचं नाव काढलं तर काकूंना चक्कर आली. गायी-गुरं इथंही, टोपीच्या जागी फेटा, आणि घर सोडून गेलेल्या बाईची तर आपल्याकडे अख्खी लावणीच असते. फरक एवढाच की माळेगावला व्हिसा लागत नाही.

फेब्रुवारीत नांदेडला शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ ‘संगीत शंकर दरबार’ होतो. तिथं जोडीनं गेलं की माणूस रसिक. विलंबित ख्यालात डुलकी लागली तरी तो तल्लीन झाला म्हणतात. माळेगावात पहाटेपर्यंत वग बघून टक्क जागा राहिला तर मात्र वाया गेला.

तरी माझं काळीज खरं तुटतं ते पुरुषांसाठी. बायका काय, हसून परत आल्या आणि सोमवारी डबा करून कामाला लागल्या. पण या बापड्यांचं एवढं पिढीजात कारण हातचं गेलं. बैल आता ट्रॅक्टरनं घालवला, उरलेला बायकोनं. परवा कट्ट्यावर एक जण म्हणत होते, पुढल्या साली आम्ही मित्रमंडळी फक्त कुस्त्या बघायला जाणार. घरातून लगेच आवाज आला, “मलाही कुस्त्या आवडतात.”

त्या जोडप्यानं पुढच्या खेपेची तयारीही लावली आहे. पंचांग बघून आलेत. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे त्या अख्ख्या इंग्रजी सालात माळेगावची यात्राच नाही. अमावस्या सरकून 7 जानेवारी 2027 वर गेली, आणि वार गुरुवार. मग शुक्रवारची रजा दोघांनी आत्ताच ठरवून ठेवली आहे. कारण काय लिहिणार म्हणून मी खोदून विचारलं, तर नवरा गप्प. ती म्हणाली, “लिहू की, बैल बघायला.”