खाडीत गप्प बसावं लागतं, काकू!

"काय वैनी, दाराला कुलूपच होतं की! कुठं गेल्ता?"

"लेकीकडं, वेंगुर्ल्याला. तिनं मांडवीच्या खाडीत होडीतून फिरवलं."

"अगं माय! इथं धरणाचा शंकरसागर तुडुंब भरलाय, अन् होडीत बसायला तुम्ही वेंगुर्ल्याला जायलात?"

"ते पाणी येगळंय काकू. आपल्या धरणाचे दरवाजे उघडले की पाणी धर्माबादेकडंच जाणार. तिथं सकाळी समुद्राकडं चाललेलं पाणी दुपारी उलटं गावाकडं यायलंय. अन् वल्हं मारायला सगळ्या बाया! स्वामिनी महिला बचत गट हाय त्यांचा. २०१७ पासून लोकांना कांदळवन दाखवायल्यात. इंजिन न्हाई, धूर न्हाई."

"म्हंजे ते टीव्हीत दिसतं तसलं? लांबुडकं, एकट्यानं बसायचं?"

"ते कयाक. त्यात जावई बसला होता, गोव्यात, चोडणला. पुढं गाईड, मागं हा, अंगात जाकीट. बूड पाण्याच्या बरोबरीला असतं म्हणे. मला न्हाई जमायचं. आपली होडी बरी."

"अन् बघायला काय हाय तिथं? झाडंच नव्हं?"

"ऐका तर. चिप्पी म्हणून झाड हाय, त्याच्या मुळ्या चिखलातून खुंट्यासारख्या वर आलेल्या. चिखलात हवा न्हाई, म्हणून वरून श्वास घेतंय. २०२० साली सरकारनं पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष केलं. अन् त्या चिखलात निवटी मासा! डोळे पार टाळूवर. पुढच्या परांवर रेटा देत सरकायलाय, मधीच टुणकन उडी."

"मासा अन् पाण्याभाईर? मरत न्हाई?"

"कल्ल्यात पाणी धरून ठेवतो. अंग ओलं असलं की कातडीतूनबी श्वास घेतो. बाजूला बारके खेकडे. नराची एकच नांगी ही एवढी मोठी! ती हलवून मादीला बोलवायचं, अन् खायचं मात्र दुसऱ्या बारक्या नांगीनं."

"आमच्या जाऊबाईच्या लेकासारखं झालं. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं जेवण."

"हसू नका. त्याच मुळ्यांच्या आडोशाला माशांची, कोळंबीची पिल्लं वाढतात. त्या बायांची घरं मासेमारीवर चालतात. झाडं तुटली तर जाळ्यात काय यायचं? म्हणून जीव लावून सांगतात."

"मग सुनंला घेऊन जावं म्हंते. कधी गेलेलं बरं?"

"चिखलातलं बघायचं तर ओहोटी धरावी लागते. तिकडं तिला सुकती म्हणतात. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, साधारण."

"पाऊणकी? ती मला अजून तोंडपाठ हाय! अष्टमी… आठ पाऊण सहा. सहाला भरती?"

"होय. अन् सहा तासांनी, बाराच्या सुमाराला सुकती."

"मग आमच्या एकादशीला सव्वाआठला भरती, दोन-सव्वादोनला सुकती. उपास सोडायचा नसतोच, दुपारी मोकळीच असते की! पण रोज येळ कामून बदलती?"

"चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, त्याच्यामागं पाणी."

"अन् आपल्या काळेश्वराच्या देवळाखालचं गोदेचं पाणी? तेबी शेवटी समुद्रालाच नव्हं?"

"हां, पण पूर्वेला. आंध्रात काकीनाड्याजवळ कोरिंगाचं कांदळवन हाय, लई मोठं. तिथं पाणमांजरं हायेत, मासे धरणारं रानमांजरबी हाय."

"गोदामाय आपली, अन् कौतुक तिकडल्यांचं! बरं, वेंगुर्ल्याचं पक्कं करा. काय पथ्यपाणी?"

"एकच. बोलायचं न्हाई. आवाज झाला की खंड्या उडतो, होडी दणकली की खेकडे बिळात. होडीवाल्या ताईनं माझ्याकडं बघून असं बोट ओठावर धरलं, लेक तोंड लपवून हसायली."

"तासभर गप्प?"

"तासभर."

"मग ह्यांनाच पाठवते. चाळीस वर्षं झाली, तोंड मिटून बसायची सवय हाय त्यांना. मी काठावर थांबते तुमच्यासंगं."