भावराव

रेणापूरच्या पिंपळफाट्यावर लातूरहून येणारी एसटी थांबली, की एक माणूस उतरणाऱ्याच्या पिशवीकडे आधी बघतो आणि तोंडाकडे नंतर. पिशवीत नवी चप्पल असो, मिक्सरचं भांडं असो की पोराचं दप्तर. "केवढ्याला?" म्हणून तो विचारतो, पण तुम्ही तोंड उघडायच्या आत हात वर करतो. "थांबा. मी सांगतो."

मग तो वस्तू हातात घेतो, उलटीपालटी करतो, शिवण ओढून बघतो आणि आकडा सांगतो. तुमची किंमत त्याच्या आकड्यापेक्षा जास्त निघाली तर तुम्हाला गंडवलेलं असतं. कमी निघाली तर माल बोगस असतो. तंतोतंत जुळली तर तो काहीच बोलत नाही. फक्त हॉटेलवाल्याकडे बघून एक बोट वर करतो, म्हणजे एक चहा. पैसे अर्थातच तुमचे.

रेशनकार्डावर त्यांचं नाव वेगळं आहे. गावानं ठेवलेलं नाव भावराव. परगावच्या माणसाला वाटतं की आम्हा लोकांना भाऊराव नीट म्हणता येत नाही. तोंडावर मात्र सगळे आबाच म्हणतात, मीही. वीस वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतोय, आणि या वीस वर्षांत त्यांनी स्वतः काही विकत आणलेलं मी पाहिलेलं नाही. बाजार काकू करतात. आबा ओट्यावर बसून पिशवीतल्या एकेका वांग्याची किंमत सांगतात.

हा गुण त्यांनी कमावलेला आहे. लातूरच्या बाजारात एका आडतीवर सव्वीस वर्षं ते मुनीम होते. तूर, हरभरा, करडई आणि पुढं सोयाबीन. मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारून माती उडवायची, एक दाणा दाढेखाली धरायचा. कटकन फुटला तर माल वाळलेला, चेपला तर भाव उतरला. पण त्यांच्या डोळ्यांत चमक येते ती हत्त्याची गोष्ट सांगताना. दोन व्यापारी समोरासमोर, मधे उपरणं, उपरण्याखाली हातात हात. तोंडानं पावसाच्या गप्पा आणि बोटांनी भावाच्या. शेतकरी बिचारा दोघांच्या तोंडाकडे बघत उभा. पद्धत वाईट होती, कायद्यानं बंद झाली, बरंच झालं, असं आबा म्हणतात. आणि ते म्हणत असताना त्यांची उजव्या हाताची बोटं धोतराच्या सोग्याखाली आपोआप हलत असतात.

बाजारात यायच्या आधी एखाद्या वस्तूचा भाव सांगणं ही मात्र त्यांची स्वतःची भर. नॅनो गाडी एक लाखात येणार असं टाटा म्हणाले, तेव्हा अख्खा फाटा दोन तटांत विभागला होता. आबांनी सव्वा लाख सांगितलं. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीत किंमत जाहीर झाली, बरोबर एक लाख. लोक आबांना हसायला आले, तर आबांनीच त्यांना बसवून घेतलं. "कर धरला? वाहतूक धरली? रस्त्यावर आण की गाडी, मग बोल." दीड वर्षानं गाड्या आल्या, सगळं धरून सव्वा लाखाच्या आसपास गेल्या, आणि त्या वर्षी आबांनी फुकट चहा किती प्यायला याची मोजदाद नाही. जुलै 2017 मध्ये जिओचा बटणाचा फोन यायचा होता. आबांनी पाचशे सांगितले होते. किंमत शून्य जाहीर झाली, पण 1500 रुपये अनामत. दिवसभर आबा घराबाहेर पडले नाहीत. संध्याकाळी आले ते ठरवूनच आले. "शून्य आणि पंधराशेच्या मधी काय येतंय? पाचशे येतात का नाही?"

त्यांची आणखी एक युक्ती मला फार उशिरा कळली. ते एकाच वस्तूचा भाव मला साठ सांगतात, न्हाव्याला ऐंशी आणि खताच्या दुकानदाराला शंभर. आम्ही तिघं एका जागी सहसा येत नाही. जो बरोबर निघतो त्याच्याकडे आबा चहाला जातात.

स्वतःच्या मालाला मात्र ही युक्ती चालत नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये लातुरात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं. आबांच्या पडवीत मागच्या सालाची अकरा पोती होती. काकू म्हणाल्या, घाला. मुलगा म्हणाला, घाला. मीही म्हणालो. आबा म्हणाले, "बारा बघितल्याबिगर थप्पी हलवायची न्हाई." तेवढ्यात केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला मुभा दिली, मागून नवं पीक आलं, आणि दिवाळीपर्यंत भाव पाच हजारांच्या घरात. पोती त्याच भावात गेली. मी चुकून सांत्वनाचं काहीतरी बोललो. आबा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, माझा अंदाज बरोबर होता. भाव चुकला."

हे सगळं आठवायचं कारण त्यांचा नातू. तो पुण्यात इंजिनिअरिंगला असतो. 2025 च्या नवरात्रात तो गावी आला. सप्टेंबरभर पावसानं मराठवाडा झोडपलेला, रानात सोयाबीन पाण्यात उभं. रेणुकादेवीच्या दर्शनाला जाणारे लोक चिखलातून चपला हातात घेऊन चाललेले. शेतात जाता येत नव्हतं, म्हणून आबा ओट्यावर होते. पोरगं खांबाला टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं.

"काय बघूलालास रे?"

"अॅलाय, आबा."

"आलाय? कोण आलाय?"

आसुस आणि मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांनी मिळून हातात धरून खेळायचा गेमचा डबा काढला होता, आरओजी एक्सबॉक्स अॅलाय. पोरानं समजावलं. सात इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना मुठी, आत अख्खा संगणक. जूनमध्ये दाखवला, ऑगस्टमध्ये तारीख सांगितली, 16 ऑक्टोबर, पण किंमत सांगितली नाही. साडेतीन महिने जगभरची पोरं नुसता अंदाज लावत बसलेली. आता कुठं अमेरिकेतला भाव कळला होता, धाकट्याला 600 डॉलरला एक सेंट कमी, थोरल्याला 1000 ला एक सेंट कमी. भारतातला भाव अजून झाकलेलाच.

आबा सावरून बसले. "म्हंजी माल दाखवायचा, भाव झाकायचा?"

"सगळेच तसं करतात, आबा. निंटेंडोनं स्विच टू जानेवारीत दाखवला आणि किंमत एप्रिलमध्ये सांगितली. लोक म्हणत होते चारशे डॉलर. निघाला साडेचारशेला."

"अरे, ह्ये तर उपरण्याखालचं झालं की!" सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर जपान आणि अमेरिकेतली माणसं आपल्याच आडतीवरची निघाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावेना. "कागद आण."

कागद आला. पुढचा अर्धा तास मी जे पाहिलं ते कुठल्याही कंपनीच्या मुख्य कचेरीत झालं नसेल.

"डॉलर केवढ्याला?"

"अठ्ठ्याऐंशी धरा."

"सहाशे गुणिले अठ्ठ्याऐंशी. बावन्न हजार आठशे. जीएसटी?"

"अठरा धरा."

"नऊ हजार पाचशे चार. झाले बासष्ट हजार तीनशे चार. आता आडत, हमाली, तोलाई."

"आबा, ह्यात हमाली नसते."

"मग काय उडत येणार हाय का? जहाजातून उतरवणार कोण? गोदाम कुणाचं? दुकानदार काय देवाच्या नावानं विकणार हाय?" साडेसात हजार मांडले. बेरीज एकोणसत्तर हजार आठशे चार. आबांनी पेन्सिल कानावर ठेवली. "सत्तर हजार. धाकट्याला. थोरल्याला एक लाख पाच."

पोरगं हुशार. आजोबांच्या युक्त्या त्याला ठाऊक. "आबा, ह्ये भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. तारीख घालून." आबा जरा घुटमळले. पण उठले, सप्टेंबरच्या पानावर 70,000 लिहिलं आणि खाली सही ठोकली. मुनीमकीतली लपेटदार सही.

मग त्यांना वेगळंच सुचलं. "वजन किती ह्याचं?"

"सहाशे सत्तर ग्रॅम."

आबांनी पेन्सिल पुन्हा काढली. वेळ लागला, कारण एवढी शून्यं त्यांनी जन्मात मांडली नव्हती. "किलोला एक लाख चार हजार. म्हंजी क्विंटलला..." ते थांबले. पुन्हा मोजली. "एक कोटी चार लाख." मग बाहेर पडणाऱ्या पावसाकडे बघितलं. सोयाबीनचा हमीभाव त्या साली 5328 होता आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. "हमीभावानं घातलं तरी तेरा क्विंटल. एका डब्याला तेरा क्विंटल! आन् आमचा माल चिखलात."

काकू आतून म्हणाल्या, "घ्यायचाय का तुम्हाला?"

"घ्यायचा कशाला? भाव काढूलालो."

काकूंना तो फरक लग्नापासून माहीत आहे. चहाचे कप ठेवता ठेवता त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, ह्यांनी एकदा गेम घेतला बरं का. ह्याच्या बापासाठी. सिद्धेश्वराच्या जत्रेत."

लातूरच्या जत्रेतला तो ब्रिक गेम. नव्वदच्या दशकात ज्यांची पोरं लहान होती त्यांना सांगायला नको. करड्या पडद्यावर वरून विटा पडायच्या, त्या फिरवून ओळी भरायच्या, पेन्सिल सेल संपले की शेजाऱ्याच्या घड्याळातले काढायचे. डब्यावर लिहिलेलं असायचं 9999 खेळ. मूळ खेळ टेट्रिस, मॉस्कोतल्या अलेक्सी पाझित्नोवनं 1984 मध्ये केलेला. निंटेंडोनं 1989 मध्ये गेमबॉय 12,500 येनला काढला आणि अमेरिकेत तो विकला तो याच खेळासोबत. त्याची ही कितव्या हातची नक्कल सिद्धेश्वरापर्यंत पोचली कोण जाणे. तर दुकानदार म्हणाला एकशे ऐंशी. आबांनी डबा तळहातावर तोलला, कानाशी हलवला, सवयीनं कोपरा दाढेखाली धरला आणि म्हणाले साठ. तासभर चाललं. जत्रेतले लोक पाळणा सोडून बघायला थांबले. शेवटी सत्तरला तुटलं. शेजारच्याच पालात तोच डबा पन्नासला होता.

"त्यो माल वेगळा होता," आबा म्हणाले.

"खेळ किती निघाले त्यात?" नातवानं विचारलं.

"म्या मोजले," आबा म्हणाले. "आठ. बाकीचे नऊ हजार नऊशे एक्क्याण्णव त्यांनी कुठं ठिवले त्ये विचारायला दुसऱ्या दिवशी गेलतो. पाल उठलं होतं."

दिवाळीच्या तोंडावर भारतातला भाव आला. धाकटा 69,990. थोरला 1,14,990.

पोरगं पुण्याहून आलेलंच होतं. त्यानं मोबाइल आबांच्या हातात दिला. आबांनी चष्मा पुसला, आकडा वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं आता गावभर मिरवणूक निघणार. पण आबांच्या कपाळाला आठी. थोरल्याचे दहा हजार चुकलेले त्यांना दिसलेच नव्हते. डोळा भलत्याच ठिकाणी अडकला होता.

"दहा रुपये कुठं गेले?"

"कसले दहा?"

"सत्तरला दहा कमी. हमालीत धरले का तोलाईत?"

मी कॅलेंडरजवळ गेलो. सही, आकडा, सगळं जागेवर. माणसाला दाद द्यायला हवी, असं मी म्हणणार एवढ्यात काकूंनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "पुढची पानं बघा." ऑक्टोबरच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 62,000. नोव्हेंबरच्या पानावर 85,000. डिसेंबरवर, एकादशीच्या चौकोनात, 55,000. चारही ठिकाणी सही एकसारखी.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते नातवाशी बोलत होते. पोरानं दबकत विचारलं होतं, "आबा, घ्यायचा का मग? अर्धे मी घालतो." सुट्टीतल्या कामाचे पैसे त्यानं साठवलेले.

"थांब," आबा म्हणाले. "दोन म्हैन्यात उतरतंय."

पोरानं लगेच पुरावा दिला, तोही आजोबांच्याच बाजूनं. "निंटेंडोचा थ्रीडीएस 2011 मध्ये असाच उतरला होता. अडीचशे डॉलरचा सहा महिन्यांच्या आत एकशे सत्तरला. ज्यांनी आधी घेतला त्यांना कंपनीनं वीस गेम फुकट दिले." मग प्रामाणिकपणानं पुढचंही सांगितलं. "पण आता उलटं चाललंय, आबा. आठ वर्षं जुना स्विच ह्या ऑगस्टला अमेरिकेत तीनशेचा तीनशे चाळीस केला."

"जुना माल महाग?" आबांना हे पटेना. त्यांनी पडवीकडे मान वळवली. पाण्यातून वाचलेलं यंदाचं सोयाबीन तिथं पसरलेलं, काळपट दाणे, त्याच्यावर पंखा लावलेला. काकू सूप घेऊन बसल्या होत्या.

"ह्ये कवा घालायचं?" काकूंनी विचारलं. "व्यापारी सकाळी फोन करूलालता."

आबा उठले. मूठभर दाणे उचलले, फुंकर मारली, एक दाढेखाली धरला. तो चेपला.

"थांब," ते म्हणाले. "चढतंय."